लागोसमधील वृंदगान-संचालन

नायजेरियातील लागोस शहरात अँग्लिकन चर्चच्या गायनवृंदांभोवती रुजलेली संगीतपरंपरा. एकोणिसाव्या शतकात सिएरा लिओनहून मायदेशी परतलेली योरुबा (नैऋत्य नायजेरियातील एक समाज आणि त्याची भाषा) कुटुंबे आणि मिशनरी यांच्यामुळे इंग्रजी स्तोत्रे, ऑर्गन आणि चार आवाजांत विभागलेले गाणे इथे आले. सोबत डो-रे-मी अशा अक्षरांनी सूर लिहिण्याची सोल्फा लिपीही आली. तिचा 'डो' आपल्या षड्जासारखा कोणत्याही पट्टीत धरता येतो, त्यामुळे पाश्चात्त्य स्वरलेखन न शिकलेल्यांनाही वृंदात उभे राहता आले.

खरी अडचण होती भाषेची. योरुबात अक्षर उंच, मध्यम की खालच्या सुरात उच्चारले, यावर अर्थ ठरतो. 'ओको'ची दोन्ही अक्षरे मध्यम सुरात म्हटली तर नवरा. दुसरे चढवले तर कुदळ. उतरवले तर वाहन. इंग्रजी चालीवर योरुबा शब्द बसवले की अर्थाचा पार विचका होई. त्यातून प्रत्येक कडव्याला चाल तीच, शब्द मात्र वेगळे. शिवाय वरचा आवाज चढताना खालचा उतरला, तर एकच शब्द एकाच क्षणी दोन अर्थांनी कानावर पडतो.

लागोसच्या उत्तरेकडील अबेओकुटा शहराचे पाद्री जोसाया रॅन्सम-कुटी (1855–1930) यांनी योरुबा बोलण्याच्या वळणाने स्तोत्रे रचली. 1922 साली लंडनमध्ये त्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. लागोसमध्ये मात्र सर्वांत मोठे काम टी. के. एकुंदायो फिलिप्स यांचे. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकून आलेले फिलिप्स 1914 ते 1962 अशी अठ्ठेचाळीस वर्षे मरिना भागातील ख्राइस्ट कॅथेड्रलचे ऑर्गनवादक आणि वृंदप्रमुख होते. योरुबा संगीताच्या रचनेवर त्यांनी 1953 मध्ये पुस्तक लिहिले. पुढे नामवंत झालेले संगीतकार फेला सोवांडे लहानपणी त्यांच्याच वृंदात गात.

म्हणून इथला संचालक केवळ ताल दाखवून मोकळा होऊ शकत नाही. ओळ नुसती बोलली तर तिचे सूर कुठे चढतात, कुठे उतरतात, हे त्याला आधी ठाऊक असावे लागते. एकाने ओळ टाकायची आणि सर्वांनी उचलायची, ही योरुबा गाण्याची जुनी रीतही रचनांमध्ये आली. ती आपल्या भजनी मंडळींना परकी वाटणार नाही.

1920च्या दशकापासून अलादुरा या प्रार्थनेवर भर देणाऱ्या योरुबा ख्रिस्ती पंथाच्या चर्चनी ढोल, टाळ्या आणि नाच उपासनेत आणले. दुंदुन हा ढोल तर दोऱ्या दाबून बोलीचे चढउतारच वाजवतो. तो साथीला असला की वृंदाचा शब्द आणि ढोलाचा बोल एकमेकांना छेद देत नाहीत ना, इकडेही संचालकाला कान ठेवावा लागतो.