मुलांमधील उत्तेजक औषधांचा वापर : अमेरिकेतील कल

एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणे, अतिचंचलता व उतावळेपणा यांचा विकार) मुलांना मिथाइलफेनिडेट किंवा अ‍ॅम्फेटामाइन गटातील उत्तेजक औषधे देण्याची सुरुवात अमेरिकेत झाली. डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली यांनी १९३७ मध्ये ऱ्होड आयलंड राज्यातील आपल्या रुग्णालयातील मुलांना बेन्झेड्रिन हे अ‍ॅम्फेटामाइन दिले, तेव्हा जवळपास निम्म्या मुलांचा अभ्यास एकदम सुधारला. रिटालिनला, म्हणजे मिथाइलफेनिडेटला, १९५५ मध्ये मान्यता मिळाली. तरीही वापराने खरी उसळी घेतली ती १९९० नंतर. एडीएचडी असलेली मुले विशेष शिक्षणाच्या सवलतींना पात्र ठरू शकतात, असे केंद्रीय शिक्षण खात्याने १९९१ मध्ये स्पष्ट केले आणि निदान करून घेण्याला आणखी एक कारण मिळाले.

घरोघरच्या सर्वेक्षणानुसार १८ वर्षांपर्यंतच्या मुलांत हा वापर १९८७ मध्ये ०.६ टक्के होता, १९९६ मध्ये २.४ आणि २००८ मध्ये ३.५ टक्के. यातली १९९६ नंतरची वाढ मुख्यतः १३ ते १८ वयोगटातली आहे : २.३ वरून ४.९ टक्के. दीर्घकाळ टिकणाऱ्या गोळ्यांचा यात वाटा असावा. साध्या मिथाइलफेनिडेटचा असर तीन-चार तासांत ओसरतो. त्यामुळे दुपारचा डोस शाळेतल्या नर्सकडे जाऊन घ्यावा लागे आणि मोठी मुले तो हमखास टाळत. २००० मध्ये आलेल्या कॉन्सर्टाची, म्हणजे मिथाइलफेनिडेट हळूहळू सोडणारी, १८ मिलिग्रॅमची गोळी सकाळी घेतली की सुमारे १२ तास निभते. ती चावली किंवा कुटली तर औषध एकदम सुटते, उशिरा घेतली तर झोप उडते. भूक दुपारी मरते, म्हणून पोटभर नाश्ता गोळीआधी आणि जेवण संध्याकाळी. उंची, वजन, नाडी व रक्तदाब नियमित तपासावे लागतात.

आकडे वाचताना एक घोळ नेहमी होतो. ही औषधे अमेरिकेत शेड्यूल दोनमध्ये, म्हणजे व्यसनाच्या धोक्यामुळे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत, असल्याने एकाच चिठ्ठीवर पुन्हा औषध मिळत नाही. महिन्याला एक चिठ्ठी धरली तर एकाच मुलाच्या वर्षाला १२ होतात. दुपारी चारची, कमी वेळ टिकणारी छोटी गोळी वेगळी लिहिली तर २४. चिठ्ठ्या वाढल्या म्हणजे तितकी मुले वाढली, असे नव्हे. ‘कधीतरी निदान झालेली’ आणि ‘सध्या औषध घेणारी’ मुलेही वेगळी मोजायला हवीत : २०११ मध्ये ४ ते १७ वयोगटात ही प्रमाणे अनुक्रमे ११ व ६.१ टक्के होती. वर्गात वयाने सर्वांत लहान असलेल्या मुलांना हे निदान व औषध अधिक मिळते, हेही अनेक देशांत दिसले आहे. तिथे अपरिपक्वतेलाच आजार समजले जात असण्याची शंका रास्त आहे.

भारतात मिथाइलफेनिडेट अमली पदार्थविषयक कायद्याखाली येते. अ‍ॅम्फेटामाइनची औषधे मात्र इथे सहसा मिळत नाहीत. त्यामुळे अमेरिकेतून परतणाऱ्या मराठी कुटुंबातील मूल अ‍ॅम्फेटामाइन घेत असेल, तर निघण्यापूर्वीच पर्यायी औषधाबद्दल डॉक्टरांशी बोलून ठेवावे.