छोटे विमान गाडीसारखे मनाला येईल तेव्हा निघत नाही
स्वतःचे छोटे विमान असले की टाकी भरावी आणि सिंधुदुर्गातून किनारा धरून थेट कोचीपर्यंत केव्हाही निघावे, हा कोकणात अनेकदा ऐकू येणारा समज चुकीचा आहे. उड्डाणाचा आराखडा आधी नोंदवून हवाई संरक्षणाची परवानगी घ्यावी लागते. वाटेतील गोव्याचा दाभोळी विमानतळ तर नौदलाचा तळ आहे. टाकीचा मुद्दा मला अधिक गंभीर वाटतो. सेस्ना १७२ एस या चार आसनी विमानाचे कमाल उड्डाण वजन सुमारे १,१५७ किलो असते, त्यामुळे चार प्रौढ, सामान आणि पूर्ण इंधन बहुधा एकत्र नेता येत नाही, आणि उन्हाळ्यात हवा विरळ झाल्याने धावपट्टीवरील धावही लांबते. शिवाय त्याच्या पेट्रोल इंजिनाला जेट विमानांचे इंधन चालत नाही. म्हणून योग्य इंधन वाटेत कोठे मिळेल, याची खात्री निघण्यापूर्वीच करावी लागते.