ड्रॅगन, लुंग की नाग? दरबारी ड्रॅगनकथांमागचा इतिहास

ड्रॅगनच्या बळावर टिकून असलेलं साम्राज्य, दरबारातली कटकारस्थानं आणि पुरुषवेषात वावरणारी किशोरवयीन नायिका. इंग्रजी किशोर कादंबऱ्यांत हा मेळ आता चांगलाच रुळला आहे. यातल्या पौर्वात्य वळणाच्या कादंबऱ्यांचं मूळ युरोपातल्या गढ्यांत शोधून हाती फारसं लागत नाही. ते चीनच्या मिंग आणि छिंग राजवटींत आहे.

त्या दरबारात ड्रॅगन झग्यावर असे आणि तो कोणी मिरवायचा याचे कायदे होते. मिंगांच्या आधीच्या युआन राजवटीत, १३१४ साली, सामान्यांना ड्रॅगनची नक्षी निषिद्ध झाली. ड्रॅगन कशाला म्हणायचं हेही तेव्हाच ठरलं: पाच नख्या, दोन शिंगं. पुढे मिंग सम्राट मर्जीतल्या अधिकाऱ्यांना आणि खोजांना चार नख्यांचा प्राणी विणलेला झगा बक्षीस देऊ लागले. दिसायला हुबेहूब ड्रॅगन, पण कागदोपत्री तो 'अजगर'. त्याहून कमी मानाचा होता 'उडता मासा', आणि तोही बराचसा तसाच दिसे. १५३७ मध्ये युद्धखात्याचा मंत्री अजगराचा झगा घालून आलेला पाहून सम्राट भडकला. हा तर आपणच दिलेला उडत्या माशाचा झगा, फक्त रंग जरा उठावदार आहे, अशी सारवासारव एका ज्येष्ठ अमात्याने केली. मग माशाला दोन शिंगं कशी, असं सम्राटाने विचारलं आणि अशा झग्यांवर सक्त बंदी घातली. दोन शिंगांवरून माणूस अडचणीत यावा, यापरतं दरबारी राजकारणाचं नेमकं चित्र मला कुठल्याही कादंबरीत सापडलेलं नाही.

वेषांतराची परंपरा याहून जुनी आहे. पुरुषवेषात बारा वर्षं सैन्यात राहिलेल्या मुलानचा चिनी पोवाडा सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र अठराव्या शतकातली एक पद्यकादंबरी अधिक महत्त्वाची वाटते. विशीही न गाठलेल्या एका तरुणीने ती लिहायला घेतली. तिची नायिका पुरुषवेषात, अधिकारी निवडणाऱ्या राजपरीक्षेत पहिली येते आणि थेट प्रधानपदापर्यंत पोचते. शेवटी तिला दारू पाजून बूट काढले जातात आणि, चिनी बायकांची लहान राहावीत म्हणून बांधत तशी, तिची बांधलेली पावलं उघडी पडतात. सम्राट तिला निर्णयासाठी तीन दिवस देतो. लेखिकेने कथा तिथेच सोडली. शेवट पुढे दुसऱ्याच एका स्त्रीने लिहिला, आणि तो बराच सोज्वळ केला.

खरा गुंता शब्दाचा आहे. बौद्ध ग्रंथ चिनीत नेताना अनुवादकांनी 'नाग'साठी 'लुंग' हा या चिनी ड्रॅगनचाच शब्द घेतला. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाच्या चिनी नावातही हाच लुंग आहे. पुढे युरोपीय मिशनऱ्यांनी या लुंगला आपल्याकडच्या ड्रॅगनचं नाव दिलं, जो त्यांच्या धर्मकथांत सैतानाचं रूप होता. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या ज्या छापखान्यातून १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण निघालं, तिथूनच १८१४ मध्ये आलेल्या चिनी व्याकरणात 'लूंग' असं ध्वनिलेखन आढळतं. पण ते रुजलं नाही. २००६ मध्ये शांघायच्या एका प्राध्यापकाने तर ड्रॅगन हे राष्ट्राचं प्रतीक नको, परदेशात ते आक्रमक वाटतं, असं सुचवलं आणि मोठा गदारोळ उठला. माझ्या मते तो सल्ला चुकीचाच होता. दोष प्राण्याचा नव्हता, अनुवादाचा होता. २०२४ च्या नववर्षाला चीनच्या सरकारी माध्यमांनी इंग्रजीतही 'लूंग' वापरायला सुरुवात केली, ती याच वादाची पुढची पायरी.

मराठीत या कथा आणणाऱ्यांना 'नाग' हा शब्द जवळचा वाटतो आणि इतिहासाचा आधारही त्याला आहे. तरी मी 'लुंग'च ठेवेन. नाग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वारूळ, फणा आणि नागपंचमीच्या लाह्या येतात. शिवाय ज्या दरबारात सगळा मान नख्या मोजून ठरतो, तिथे नागाच्या नख्या मोजणार कशा?