बंद बोअरमधला थर्मामीटर

विहिरीचं पाणी उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात कोमट होतं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. प्रत्यक्षात बदलतो तो आपला हात. पुण्यात मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो आणि जानेवारीच्या पहाटे दहा-बारावर येतो. पण जमिनीखाली दहा-पंधरा मीटरवर तापमान वर्षभर पंचविशीच्या आसपासच असतं. उष्णता खडकातून इतकी हळू झिरपते, की दिवस-रात्रीचा फरक पहिल्या मीटरभरातच विरतो आणि ऋतूंचा फरक नऊ-दहा मीटरवर जेमतेम चार टक्के उरतो. तोही सहा महिने उशिरा पोचतो, म्हणजे मेचा उन्हाळा तिथे नोव्हेंबरात! तेवढ्यापुरतं त्या समजुतीत तथ्य आहे म्हणा.

खरी गंमत त्याच्या खाली सुरू होते, आणि तिच्यावरून पावसाचं पाणी किती मुरतं तेही मोजता येतं. पृथ्वीच्या पोटातली उष्णता वर येत असल्याने दर 100 मीटरला तापमान साधारण अडीच अंशांनी वाढतं. खडक एकसारखा असेल आणि पाणी स्थिर असेल, तर खोली आणि तापमानाचा आलेख सरळ रेषा येतो. पण पावसाचं पाणी मुरत खाली चाललं असेल, तर ते वरचा गारवा सोबत नेतं. वर येणारी उष्णता आणि खाली जाणारं पाणी यांची ओढाताण होऊन रेषेला पोक येतो: वरच्या भागात तापमान फारसं वाढत नाही, खाली गेल्यावर भराभर वाढतं. पाणी खालून वर येत असेल, तर बाक उलटा.

हा बाक किती, यावरून मुरण्याचा वेग काढायचं गणित ब्रेडेहॉफ्ट आणि पापाडोपुलोस या भूजलशास्त्रज्ञांनी 1965 मध्ये मांडलं. त्यात सगळा खेळ एका आकड्याचा: पाण्याची उष्णताधारिता गुणिले मुरण्याचा वेग गुणिले खोली, भागिले खडकाची उष्णतावाहकता. बसाल्टची, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या लाव्हाच्या खडकाची, वाहकता 1.7 वॅट प्रतिमीटर प्रतिअंश धरली आणि वर्षाला 100 मिलिमीटर पाणी मुरतंय असं मानलं, तर 100 मीटरच्या पट्ट्यासाठी हा आकडा येतो सुमारे 0.8. सूत्रात घातल्यावर पट्ट्याच्या मध्यावर तापमान सरळ रेषेपेक्षा पाव अंशाने कमी निघतं. 50 मिलिमीटरच मुरत असेल, तर फरक फक्त 0.12 अंश. म्हणून इथे तापाचा थर्मामीटर कामाचा नाही. अंशाचा शंभरावा भाग टिपणारा थर्मिस्टर, म्हणजे तापमान मोजणारा इलेक्ट्रॉनिक संवेदक, लागतो. तो वापरात नसलेल्या बोअरमध्ये वरून खाली, सावकाश सोडायचा, दर मीटर-दोन मीटरला थांबून आकडा स्थिरावू द्यायचा. पंप चालू असलेल्या बोअरमध्ये पाणी ढवळून निघतं, तिथे मोजणं व्यर्थ.

हातावर नारळ उभा राहिला की पाणी लागतं, असं सांगणारे पाणाडे पुण्याच्या नव्या सोसायट्यांतही फिरतात. त्यांच्या नारळाला मिलिमीटर विचारून बघा. पण गेटवर ‘आम्ही लाखो लिटर पाणी जिरवलं’ असा फलक लावणाऱ्या सोसायट्यांचीही गत तीच. छतावरून खड्ड्यात किती पाणी गेलं हे पावसावरून सांगता येतं. त्यातलं खोल किती पोचलं, ते वेगळं मोजावं लागतं.

दख्खनच्या खडकात मात्र हे गणित अडखळतं. इथे लाव्हाच्या थरांवर थर आहेत आणि पाणी बऱ्याचदा फटींतून आडवं पळतं. अशी फट बोअरला मिळाली, की आलेखात गुळगुळीत बाकाऐवजी एकदम पायरी दिसते. तिथून मुरण्याचा वेग काढता येत नाही, पण पाणी नेमकं कुठे शिरतंय ते कळतं. दुसरी अडचण शहराची. डांबर आणि काँक्रीटने जमीन तापत गेली, की ती ऊब वर्षानुवर्षं खाली उतरते आणि रेषेला तसाच पोक आणते. त्यामुळे भर पेठेतल्या बोअरचा आलेख पाहून खूप पाणी मुरतंय असं म्हणण्याआधी पाणीपातळीच्या नोंदी आणि मुरण्याचा वेगळा अंदाज देणारं पाण्यातलं क्लोराइड यांच्याशी तो ताडून पाहावा लागतो.