सुरक्षा कॅमेऱ्यातील हालचालवेध

घरगुती सुरक्षा कॅमेऱ्यासमोर माणूस, प्राणी किंवा वाहन हलल्याचे आपोआप ओळखून चित्रीकरण सुरू करण्याच्या किंवा घरमालकाच्या फोनवर सूचना धाडण्याच्या तंत्राला हालचालवेध, रूढ शब्दांत मोशन डिटेक्शन, म्हणतात. नावातली हालचाल मात्र यांतल्या बहुतेक साधनांना थेट कळत नाही. प्रकाशात किंवा उष्णतेत पडलेला फरक तेवढा त्यांना कळतो, आणि त्यांच्या बहुतेक चुकांचे मूळ त्यातच आहे.

चित्रावर आधारलेल्या सर्वांत सोप्या पद्धतीत लागोपाठच्या दोन फ्रेममधील प्रत्येक पिक्सेलच्या तेजस्वितेची वजाबाकी केली जाते. फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेलेले पिक्सेल पुरेशा संख्येने एकत्र आढळले, की हालचाल झाली असे मानतात. सेटिंगमधील ‘संवेदनशीलता’ वाढवणे म्हणजे सहसा हीच मर्यादा खाली आणणे होय. या पद्धतीत स्तब्ध उभा राहिलेला माणूस दिसेनासा होतो. म्हणून अधिक प्रगत प्रणाली प्रत्येक पिक्सेलची नेहमीची मूल्ये लक्षात ठेवून पार्श्वभूमीचे प्रारूप तयार करतात. स्टॉफर आणि ग्रिमसन या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलेल्या प्रसिद्ध पद्धतीत एकाच पिक्सेलसाठी अनेक मूल्यसमूह राखले जातात, त्यामुळे झुलत्या फांदीमुळे कधी पान तर कधी आकाश दिसले तरी दोन्ही नेहमीचेच ठरतात. पार्श्वभूमी सतत अद्ययावत होत असल्याने बराच वेळ उभी असलेली गाडी हळूहळू तिच्यात विरून जाते. गंमत अशी, की ती निघून गेल्यावर मोकळी झालेली जमीनच काही काळ ‘हललेली वस्तू’ म्हणून नोंदली जाते.

ढगाची सावली आणि वाहनांच्या दिव्यांचे झोत हे खोट्या सूचनांचे नेहमीचे कारण. रात्री त्यात भर पडते, कारण साधारण ८५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त, म्हणजे डोळ्यांना जवळजवळ न दिसणाऱ्या, एलईडींच्या उजेडात भिंगाजवळचा लहानसा किडा किंवा कोळ्याचे जाळेही ठळक पांढरे उमटते.

बॅटरीवर चालणाऱ्या कॅमेऱ्याला चित्राचे अखंड विश्लेषण परवडत नाही. तेथे पीआयआर हा निष्क्रिय अवरक्त संवेदक पहारा देतो. निष्क्रिय अशासाठी, की तो स्वतः कोणतेही किरण सोडत नाही, तर मानवी शरीरातून बाहेर पडणारे, १० मायक्रोमीटरच्या आसपास सर्वाधिक तीव्र असलेले अवरक्त प्रारण टिपतो. त्यात तापविद्युत्, म्हणजे तापमान बदलताच विद्युतभार निर्माण करणाऱ्या, पदार्थाचे दोन घटक उलट ध्रुवतेने जोडलेले असतात, त्यामुळे परिसर एकसारखा तापला तर दोघांचे संकेत एकमेकांना रद्द करतात. पुढचे फ्रेनेल भिंग, म्हणजे खाचा असलेले पातळ भिंग, दृष्टिक्षेत्राचे पट्टे पाडते, आणि उष्ण शरीर एका पट्ट्यातून दुसऱ्यात जाताच संकेत उमटतो. साहजिकच आडवा चालणारा माणूस चटकन सापडतो, थेट समोरून येणारा उशिरा. साधी काच ही तरंगलांबी अडवते, तेव्हा खिडकीआड ठेवलेला पीआयआर बाहेरच्यासाठी आंधळाच असतो. शिवाय हवेचे तापमान शरीराच्या तापमानाजवळ पोहोचले की त्याची पकड सैल होते.

हल्ली फरक आढळल्यानंतर न्यूरल नेटवर्कच्या, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेल्या संगणकीय प्रणालीच्या, साहाय्याने ती आकृती माणसाची, प्राण्याची की वाहनाची, हे तपासले जाते. त्याने अनावश्यक सूचना घटतात, पण पहिला इशाराच चुकला तर वर्गीकरणाची वेळ येत नाही. बॅटरीचा कॅमेरा इशाऱ्यानंतर जागा होण्यात काही क्षण घालवतो, म्हणून त्याच्या चित्रफितीत कधी कधी पाहुण्याची पाठच तेवढी दिसते. सतत वीजजोडणी असलेला कॅमेरा आधीची काही सेकंदे स्मृतीत धरून ठेवून ती फितीला जोडू शकतो.