चिप कंपनीत भरती आहे, पण फॅबमध्ये की ओसॅटमध्ये?

टाटा इलेक्ट्रॉनिक्सची भरती निघाली की डिप्लोमाची मुलं विचारतात, चिपच्या कारखान्यात नेमकं काम काय असतं? ते कारखान्यावर अवलंबून आहे. कंपनी एकच, पण गुजरातेत धोलेऱ्याला ती फॅब, म्हणजे चिप घडवायचा कारखाना, उभारते आहे आणि आसामात जागीरोडला ओसॅट, म्हणजे घडलेल्या चिप कापून, जोडून, तपासायचा कारखाना. दोन्हींना केंद्राची मंजुरी एकाच दिवशी, 29 फेब्रुवारी 2024 ला मिळाली, आणि तेव्हापासून बातम्यांत दोन्ही सरसकट ‘चिप प्रकल्प’ झाले.

फॅबमध्ये चिप घडते. ताटाएवढ्या, 300 मिलिमीटरच्या सिलिकॉनच्या पातळ चकतीवर, म्हणजे वेफरवर, थर चढवायचा, प्रकाशाने नक्षी उमटवायची, नको तो भाग रसायनाने किंवा प्लाझ्माने कोरून काढायचा, की पुन्हा पुढचा थर. अशा शेकडो पायऱ्या. एका वेफरला दोन-तीन महिने सहज लागतात. लिथोग्राफीच्या, म्हणजे प्रकाशाने नक्षी उमटवायच्या भागात दिवे पिवळे असतात, कारण निळ्या-जांभळ्या प्रकाशाने वेफरवरचा रेझिस्ट, म्हणजे प्रकाशाने बदलणारा लेप, बिघडतो. आधुनिक फॅबमध्ये वेफरला हात लावायची वेळ सहसा येत नाही, बंद डबे छताखालच्या रुळांवरून आपोआप फिरतात. त्यामुळे यंत्रं आणि युटिलिटी सांभाळणाऱ्यांना इथे मोल: व्हॅक्यूम पंप, विषारी वायूंच्या लाइनी, अतिशुद्ध पाणी, चिलर. मेकॅनिकल-केमिकलवाले ‘चिप म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं काम’ म्हणून फॉर्मच भरत नाहीत, हे मला चुकीचं वाटतं. धोलेऱ्याचं तंत्रज्ञान तैवानच्या पीएसएमसी या चिप कंपनीचं आहे.

ओसॅटमध्ये तयार वेफर येतो. तो घासून पातळ करायचा, हिऱ्याच्या पात्याने कापून डाय, म्हणजे एकेका चिपचे तुकडे, सुटे करायचे, एकेक डाय चिकटवून केसाहून बारीक सोन्याच्या किंवा तांब्याच्या तारांनी जोडायचा, इपॉक्सीत बंद करायचा आणि तपासायचा. स्वच्छतेचे नियम इथेही आहेत, पण फॅबइतके कडक नाहीत. जागीरोडचा प्रकल्प बंद पडलेल्या कागद कारखान्याच्या जागेवर येतोय. क्षमता रोज 4 कोटी 80 लाख चिपची ठरली आहे.

धोलेऱ्याची गुंतवणूक 91 हजार कोटी, जागीरोडची 27 हजार कोटी. पण प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मिळून रोजगार कंपनीनेच सांगितले ते धोलेऱ्यात 20 हजारांवर, जागीरोडला 27 हजारांवर. म्हणजे पैसा फॅबमध्ये जास्त, माणसं ओसॅटमध्ये. आयटीआय-डिप्लोमावाल्याला आत शिरायला ओसॅट सोपं, असं माझं मत. (साणंदचा मायक्रॉनचा कारखानाही जोडणी-चाचणीचाच, फक्त तिथे स्वतःच्याच मेमरी चिप, ओसॅटवाले दुसऱ्यांचं काम घेतात.)

जाहिरातीत लिथोग्राफी, एचिंग (कोरणं), डिपॉझिशन (थर चढवणं) दिसलं तर ती जागा फॅबची. डाय अटॅच, वायर बाँडिंग, मोल्डिंग (इपॉक्सीत बंद करणं) असेल तर ओसॅटची. नुसतंच ‘सेमीकंडक्टर टेक्निशियन’ लिहिलं असेल, तर मुलाखतीत आधी पोस्टिंगचं ठिकाण विचारा आणि ट्रेनिंग कुठल्या मशीनवर, तेही.