फुल-टेक्स्ट सर्च आणि वगळलेले शब्द: पार्श्वभूमी

फुल-टेक्स्ट सर्च म्हणजे मजकुरातल्या कोणत्याही शब्दावरून दस्तऐवज शोधणे. शब्दावरून पान शोधण्याची सोय संगणकाहून बरीच जुनी. तेराव्या शतकात पॅरिसमध्ये बायबलमधल्या शब्दांची स्थळसूची हाताने तयार झाली. आजचा इन्व्हर्टेड इंडेक्स, म्हणजे कोणता शब्द कोणत्या दस्तऐवजात येतो याची सूची, तत्त्वतः तेच करतो. मधली शतके इथे ओलांडायला हरकत नाही. नेहमीचे शब्द शोधातून वगळावेत का, या वादाचे बीज पडले ते १९५०च्या दशकाअखेर, कोणते शब्द इंडेक्समध्ये घ्यायचेच नाहीत या प्रश्नात.

पंचकार्ड आणि चुंबकीय फितीच्या जमान्यात जागा महाग होती. 'द', 'ऑफ', 'टू' हे शब्द जवळपास प्रत्येक दस्तऐवजात येतात आणि इंडेक्स फुगवतात, म्हणून ते गाळले. हेच स्टॉपवर्ड्स. काटकसर म्हणून निर्णय रास्त होता. पुढे मात्र तो भाषेचाच नियम असल्यासारखा शिकवला गेला.

खरे तर १९७२ मध्येच त्याचा पाया डळमळला. दुर्मीळ शब्दाला जास्त वजन आणि सर्वत्र आढळणाऱ्याला नगण्य, अशी आयडीएफची कल्पना त्या वर्षी मांडली गेली. म्हणजे निकालांचा क्रम लावताना हे शब्द आपोआपच निष्प्रभ होतात. यादी उरते ती फक्त जागा वाचवायला. तरीही ती टिकली. १९९९ मध्ये आलेल्या लुसीन या शोधासाठीच्या मुक्त सॉफ्टवेअर लायब्ररीत ३३ इंग्रजी शब्दांची यादी अनेक वर्षे मुळातच लागू असे. त्यात 'नो' आणि 'नॉट'सुद्धा!

त्या यादीचे मराठी रूप करणाऱ्यांनी हाच घोळ आणला. 'आहे' आणि 'नाही' दोन्ही गाळले की 'परवानगी आहे' आणि 'परवानगी नाही' यांत इंडेक्सच्या लेखी फरकच राहत नाही. उलट इंग्रजीतल्या सुट्या 'इन', 'ऑफ'चे काम मराठीत नामाला चिकटलेले प्रत्यय करतात: पाण्यात, पाण्याचा, पाण्याला. तिथे यादीचा उपयोग शून्य. स्टेमर, म्हणजे शब्दाचे मूळ रूप काढणारा प्रोग्रॅम, लागतो, आणि त्याने नुसता प्रत्यय छाटला तर हाती 'पाण्या' येते, 'पाणी' नाही.

डिस्क स्वस्त झाल्यावर माघार सुरू झाली. २०१९ मध्ये लुसीनच्या आठव्या आवृत्तीने प्रमाण अ‍ॅनालायझरमधली (मजकुराचे शब्द पाडणाऱ्या भागातली) ती यादी रिकामी केली. त्याच वर्षी एका मोठ्या शोधयंत्राने भाषा-मॉडेल जोडताना स्वतःच उदाहरण दिले: ब्राझीलमधून अमेरिकेला जाणाऱ्याला व्हिसा लागतो का, या प्रश्नावर पूर्वी अमेरिकेतून ब्राझीलला जाणाऱ्यांची माहिती वर यायची. दिशा सांगणारा 'टू' दुर्लक्षित राहत होता.

त्यानंतर व्हेक्टर सर्चची, म्हणजे मजकुराचा अर्थ आकड्यांत मांडून शोधण्याची, लाट आली. शब्द वेगळे असले तरी अर्थ जुळवणे तिला जमते. सुट्या भागाचा क्रमांक किंवा कायद्याचे नेमके कलम विचारले की ती घसरते. म्हणून आता अनेक ठिकाणी दोन्ही शोध एकाच वेळी चालवून निकाल एकत्र केले जातात, आणि शब्दशोधाच्या बाजूला बहुधा १९९०च्या दशकातले बीएम२५ हे निकालांचा क्रम लावणारे सूत्रच राबत असते.